चूक बोटाची की पडद्याची?
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘मोबाईल ॲपच्या यूआय आणि यूएक्स डिझाइनचे शिक्षण’ हा आजचा विषय वाचून काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी उमटली असल्यास नवल नाही. संगणकाच्या वर्गात शोभणारा हा विषय सुवर्णमहोत्सवाच्या सभामंडपात कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविकच आहे. परंतु जवळजवळ प्रत्येक घरात घडणारा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. आजोबा विजेचे बिल भरण्यासाठी मोबाईल हातात घेतात. चष्मा लावतात. एक बोट पडद्यावर ठेवतात, काहीतरी भलतेच उघडते, ते बंद करताना सगळेच बंद होते. तेवढ्यात नातू येतो, फोन हातातून काढून घेतो, चार ठिकाणी बोट लावतो आणि अर्ध्या मिनिटात फोन परत देतो. आजोबा म्हणतात, “आम्हाला हे काही जमायचे नाही.” चाळीस वर्षे पेढीचे हिशेब चोख ठेवलेला, ताळेबंदातील एका रुपयाची चूक शोधण्यासाठी रात्र जागवलेला मनुष्य एका बिलापुढे स्वतःला अडाणी ठरवून मोकळा होतो. घरातील कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही.

आजच्या विषयाचा सारा गाभा या प्रसंगात आहे. चूक कोणाची? आजोबांच्या बोटाची, की त्या बोटापुढे ठेवलेल्या पडद्याची?

या प्रश्नाचे पहिले चांगले उत्तर मोबाईलपासून फार दूर, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत मिळाले. बी-१७ जातीची अमेरिकन बॉम्बफेकी विमाने मोहिमेवरून परत येत, धावपट्टीवर व्यवस्थित उतरत, आणि उतरल्यानंतर वैमानिक पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी विमानाची चाकेच मिटून घेत. विमान पोटावर बसे. ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा कागदावर पडे आणि प्रकरण मिटे. १९४३ साली अल्फॉन्स चापानिस नावाचा एक तरुण मानसशास्त्रज्ञ अमेरिकेच्या हवाई दलाच्या प्रयोगशाळेत रुजू झाला. त्याने कॉकपिट पाहिले तेव्हा त्याला दिसले की चाकांचा आणि झडपांचा खटका शेजारी शेजारी आहेत आणि दोन्ही अगदी एकसारखे आहेत. सी-४७ या दुसऱ्या विमानात ते तसे नव्हते, आणि त्या विमानाच्या वैमानिकांकडून ही चूक होत नव्हती. चापानिसने वैमानिकांना शिकवणी लावली नाही. त्याने चाकांच्या खटक्याला रबराचे एक छोटे चाक बसवले आणि झडपांच्या खटक्याला पाचरीसारखा तुकडा. अंधारात, थकलेल्या हातालाही आता स्पर्शाने कळू लागले की आपण काय धरले आहे. चाके मिटण्याची चूक थांबली.

या एका घटनेत आजच्या शास्त्राचे बीज आहे. एकच चूक अनेक हुशार माणसे पुन्हा पुन्हा करीत असतील, तर ती माणसांची चूक नसते, हे येथे प्रथम स्वच्छपणे दिसले. पुढे १९७९ साली अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे अणुभट्टीचा अपघात झाला. त्याच्या चौकशीत सहभागी झालेले मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड नॉर्मन यांनाही तेथील नियंत्रण कक्षात हेच आढळले. कर्मचारी हुशार होते, पण कक्षाची मांडणीच चुकीला आमंत्रण देणारी होती. नॉर्मन यांनी १९८८ साली रोजच्या वापरातील वस्तूंविषयी एक पुस्तक लिहिले आणि ते जगभरच्या विद्यार्थ्यांचे जणू पहिले पाठ्यपुस्तक झाले. त्यात दरवाजांसारख्या साध्या गोष्टींचा विचार आहे. ढकलायचा दरवाजा माणूस ओढतो, तेव्हा त्या दरवाजाला ओढण्याजोगी मूठ लावलेली असते. मूठ सांगते ‘ओढा’ आणि वर चिकटवलेली पाटी सांगते ‘ढकला’. माणूस मुठीचे ऐकतो. हेच नॉर्मन १९९३ साली ॲपल कंपनीत गेले आणि ‘यूजर एक्स्पीरियन्स’ हा शब्दप्रयोग त्यांच्यामुळे रूढ झाला. यूएक्स तो हाच.

यूआय आणि यूएक्स या दोन शब्दांची नेहमी गल्लत होते. यूआय, म्हणजे यूजर इंटरफेस, ही डोळ्यांना दिसणारी आणि बोटाला लागणारी बाजू होय: अक्षरे, बटणे, रंग, मोकळी जागा. यूएक्स म्हणजे त्या वस्तूशी माणसाचा आलेला संपूर्ण संबंध. कापडाच्या दुकानाचे उदाहरण घेतले तर गादी, कपाटे, दिवे आणि मांडणी हे यूआय झाले. गिऱ्हाईक पायरी चढल्यापासून पिशवी घेऊन घरी पोहोचेपर्यंत, आणि घरी रंग पसंत पडला नाही म्हणून परत येईपर्यंत त्याला जे जे वाट्याला आले ते यूएक्स. दुकान झगमगीत असून गिऱ्हाईक रागावून जाऊ शकते, हे येथे बसलेल्या व्यापाऱ्यांना वेगळे सांगावयास नको.

विशेष म्हणजे हा विचार भारताला परका नाही. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य भारतात आले आणि त्यांनी १९५८ साली एक अहवाल दिला. त्या अहवालातूनच १९६१ साली अहमदाबादेत राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंपैकी सर्वांत सुंदर म्हणून या दांपत्याने कशाची निवड करावी? साध्या लोट्याची. लोटा घडवताना किती प्रश्न सुटलेले आहेत याची त्यांनी यादीच दिली आहे. पाणी किती मावावे, हात केवढा, डोक्यावर न्यायचा की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा राहील आणि रिकामा असताना कसा, ओतताना धार कशी पडेल, आतून घासता येईल का, अशी ती यादी आहे. हा लोटा कोणा एका कलावंताने रेखाटलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्या हातांनी तो घडवला. मोबाईलच्या ॲपला पिढ्या मिळत नाहीत, काही महिनेच मिळतात. म्हणून जे काम काळाने केले असते ते अभ्यासाने करावे लागते.

आता प्रत्येकाच्या खिशातल्या वस्तूकडे वळू. व्यापारी मंडळींनी एक गंमत कधी पाहिली आहे काय? कॅल्क्युलेटरवर ७, ८, ९ हे आकडे वरच्या ओळीत असतात आणि फोनवर १, २, ३ वर असतात. दिवसभर कॅल्क्युलेटर चालवणारा माणूस फोन लावताना क्षणभर अडखळतो तो यामुळेच. फोनची मांडणी कोणाच्या लहरीने झालेली नाही. बटणांचा फोन १९६३ साली बाजारात आला, त्यापूर्वी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जॉन कार्लिन या मानसशास्त्रज्ञाच्या विभागाने बटणांच्या निरनिराळ्या मांडण्या माणसांच्या हाती देऊन पाहिल्या, किती वेळ लागतो आणि किती चुका होतात हे मोजले, आणि मग ही मांडणी ठरली.

पुढे २००७ साली आयफोन आला आणि बटणेच नाहीशी झाली. गुळगुळीत काचेवर बोट कोठे टेकले हे आता स्पर्शाने कळेना. चापानिसचे रबरी चाक काढून टाकल्यासारखेच झाले! जुलै २००८ मध्ये ॲपलचे ॲप स्टोअर सुमारे ५०० ॲप घेऊन सुरू झाले, त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोनही आला, आणि काचेवर काय व कोठे ठेवावे हे ठरवणाऱ्यांची एक नवी जमातच जन्माला आली.

पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक नियम मांडला होता. लक्ष्य जितके लहान आणि जितके दूर, तितका तेथे हात नेण्यास वेळ अधिक. संगणकही दुर्मिळ असलेल्या काळातला हा नियम आज प्रत्येक ॲप पाळते किंवा मोडते. बोटाने दाबण्याची जागा निदान ४४ पॉइंट असावी असे ॲपल सांगते. गूगल ४८ एकके सांगते, म्हणजे पडद्यावर साधारण ९ मिलिमीटर. स्टीव्हन हूबर या अभ्यासकाने २०१३ साली रस्त्यांवर, स्थानकांवर, बसमध्ये फोन वापरणाऱ्या १,३३३ माणसांचे निरीक्षण केले. पडद्याला स्पर्श करणाऱ्यांपैकी ४९ टक्के माणसे फोन एकाच हातात धरून अंगठ्याने चालवीत होती. दुसऱ्या हातात पिशवी, बसची दांडी, नाहीतर लेकरू. तेव्हा महत्त्वाचे बटण पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात नेऊन बसवणे हे आखूड हाताच्या माणसासाठी फळी उंच ठोकण्यासारखे आहे.

विद्यार्थ्यांच्या मनात आता प्रश्न असेल की हे शिकायचे कसे. बहुतेक जण चुकीच्या टोकाने आरंभ करतात. फिग्मा नावाचे साधन उघडतात, सुंदर रंग निवडतात, गोल कोपऱ्यांच्या चौकटी काढतात आणि चार दिवसांत एक देखणा पडदा तयार करतात. साधन येणे आवश्यक आहे यात वाद नाही. २०१६ पासून सर्वांसाठी खुले झालेले फिग्मा साध्या ब्राउझरमध्ये चालते आणि शिकण्यापुरते ते विनामूल्यही आहे. परंतु पाटी-पेन्सिल मिळाली म्हणजे निबंध आला असे होत नाही.

खरा आरंभ कसा होतो, हे एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. समजा, एखाद्या तीर्थक्षेत्री धर्मशाळेच्या खोल्या राखून ठेवण्यासाठी ॲप करावयाचे आहे आणि ते काम नवशिक्या विद्यार्थ्याकडे आले. तो हॉटेलांची चार ॲप पाहील आणि तसाच पडदा काढील: वर खोलीचे मोठे छायाचित्र, खाली दर, त्याखाली तारे. दिसायला उत्तम! परंतु त्याच विद्यार्थ्याने पडदा काढण्यापूर्वी दोन दिवस पेढीवर मुनीमजींच्या शेजारी बसून येणारे फोन ऐकले तर? यात्रेकरू खोलीच्या छायाचित्राविषयी बहुधा चकार शब्द काढणार नाही. तो विचारील, तळमजल्यावर खोली मिळेल का, आईला जिना चढवत नाही. पहाटे गरम पाणी किती वाजता येते? आमची गाडी साडेपाचला पोहोचते, सूर्यास्तापूर्वी भोजनशाळेत पंगत मिळेल ना? आम्ही अकरा माणसे आहोत, खोल्या शेजारी शेजारी हव्यात. पत्नीची प्रकृती बरी नाही, ऐनवेळी येणे झाले नाही तर काय?

हे प्रश्न ऐकल्यावर पडदाच बदलतो. छायाचित्र लहान होते. ‘तळमजला’ ही निवड वर येते. पोहोचण्याची वेळ विचारणारी चौकट येते, आणि ती वेळ भरताच त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ व भोजनशाळा बंद होण्याची वेळ शेजारी दिसू लागते. ‘माणसे दोन’ असे आधीच भरून ठेवलेले असते, ते काढून टाकावे लागते, कारण यात्रेला येणारे कुटुंब दोघांचे क्वचितच असते. आणि मुनीमजींचा फोन क्रमांक शेवटच्या पानावर न लपवता प्रत्येक पानावर राहतो. या शास्त्रात याला ‘यूजर रिसर्च’ असे भारदस्त नाव आहे. साध्या मराठीत, दोन दिवस गप्प बसून ऐकणे.

ऐकून झाल्यावरही लगेच संगणक उघडू नये. जेफ हॉकिन्स या अमेरिकन अभियंत्याने पामपायलट हे हातात मावणारे यंत्र १९९६ साली बाजारात आणले. ते घडवण्यापूर्वी तो खिशात लाकडाचा एक ठोकळा घेऊन फिरत असे. कोणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा, काडीने त्यावर लिहिल्यासारखे करायचे आणि पुन्हा खिशात ठेवायचा. पाहणारे हसले असतील. पण ठोकळा खिशात मावतो का, तो काढावासा वाटतो का, किती वेळा आणि कशासाठी, हे त्याला एक पैसाही यंत्रावर खर्च न करता कळले. विद्यार्थ्याला तर लाकडाचीही गरज नाही. पाठकोऱ्या कागदाचे फोनएवढे तुकडे करावेत, पेन्सिलीने पडदे काढावेत, काकांच्या हाती द्यावेत आणि म्हणावे, “काका, हा फोन आहे असे समजा. खोली राखून ठेवा.” काका बोट टेकवतील तसा पुढचा कागद समोर ठेवावा. कागदावर चूक सापडली तर खोडरबर पुरते. ॲप तयार झाल्यावर सापडली तर प्रोग्रॅमरचे आठ दिवस जातात, आणि शिवाय तो रागावतो.

चाचणीसाठी शेकडो माणसे लागतात असाही गैरसमज आहे. डॅनिश अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले की एका वेळी पाच माणसांकडून वापरून घेतले तरी बहुतेक ठळक दोष उघडे पडतात. मग ते दुरुस्त करावेत आणि नव्या पाच जणांना बसवावे. पाच माणसे कोणत्याही कुटुंबात मिळतात. परंतु ती सगळी एकाच वयाची, एकाच महाविद्यालयातली नसावीत. एक आजी हवी, एक दुकानातला नोकर हवा, एक वहिनी हवी जिच्या हातात लेकरू आहे. आणि चाचणीच्या वेळी ज्याने रचना केली त्याने तोंड मिटून बसावे. या विद्येतील सर्वांत अवघड धडा कोणता म्हणाल, तर हाच. माणूस अडखळला की ‘तेथे नाही, इकडे दाबा’ असे ओठांवर येतेच. ते उच्चारले की चाचणी संपली, कारण ॲपबरोबर त्याचा कर्ता प्रत्येकाच्या घरी जाणार नसतो.

नील्सन यांनीच १९९४ साली दहा सूत्रे मांडली, जी आजही वर्गावर्गांतून शिकवली जातात. त्यांतले पहिलेच सूत्र असे की काय चालले आहे हे यंत्राने माणसाला वेळीच कळवावे. याचे उत्तम उदाहरण किराणा दुकानात आहे. गल्ल्याशेजारी ठेवलेला छोटा स्पीकर मोठ्याने सांगतो की अमुक रुपये मिळाले. दुकानदाराचे दोन्ही हात साखर तोलण्यात गुंतलेले, समोर चार गिऱ्हाइके. त्याने फोन पाहावा कधी? म्हणून डोळ्यांचे काम कानांकडे दिले. येथे पडदाच नाही, आणि तरीही ही उत्कृष्ट रचना आहे. दुसरे एक सूत्र परतीच्या वाटेचे आहे. चुकून आत शिरलेल्याला बाहेर पडण्याचा दरवाजा दिसला पाहिजे. आजोबांची भीती पुष्कळदा अज्ञानाची नसते, परत फिरता येणार नाही याची असते. पैसे जातील आणि मागे येणार नाहीत, ही भीती तर रास्तच आहे.

मराठी माणसासाठी रचना करणाऱ्याने भाषेचा स्वतंत्र अभ्यास केला पाहिजे. दुर्दैवाने येथे फार हयगय होते. इंग्रजी अक्षरांच्या मापाने ओळीची उंची ठेवली की देवनागरीत वरची वेलांटी नाहीतर खालचा उकार कापला जातो. दोन अक्षरी इंग्रजी शब्दाच्या मापाचे बटण मराठी शब्दाला अपुरे पडते, आणि मग शब्दाचा अर्धा भाग तीन टिंबांत लुप्त होतो. लाखाची रक्कम १,००,००० अशी लिहावी, तेथे परदेशी पद्धतीचा स्वल्पविराम पडला की वाचणारा थबकतो. यंत्राकडून भाषांतर करून घेतले तर ‘तू यशस्वी झाला आहेस’ अशी अरेतुरेची भाषा सत्तर वर्षांच्या गृहस्थाला ऐकावी लागते, आणि त्यांच्या पत्नीलाही पुल्लिंगी क्रियापदच मिळते. ‘पैसे पोहोचले’ एवढे म्हटले असते तर दोघांचाही मान राहिला असता.

बटणावरील शब्दांचा गोंधळ तर याहून वाईट. ‘तिकीट रद्द करायचे आहे का?’ असे विचारून खाली दोन बटणे दिलेली असतात, एक ‘रद्द करा’ आणि दुसरे ‘ठीक आहे’. आता ‘रद्द करा’ म्हणजे तिकीट रद्द, की रद्द करणे रद्द? ‘होय, तिकीट रद्द करा’ आणि ‘तिकीट राहू द्या’ असे लिहिण्यास जागा थोडी अधिक लागते, इतकेच. या क्षेत्रात मराठी भूमीचे ऋण मोठे आहे. पवईच्या आयआयटीमध्ये १९६९ साली सुरू झालेल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये, म्हणजेच आयडीसीमध्ये, प्रा. र. कृ. जोशी यांनी अक्षररचनेचे अध्यापन केले. विंडोज संगणकावर लाखो लोकांनी पाहिलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचाच. २०१३ साली त्याच संस्थेतून ‘स्वरचक्र’ हा मोबाईलचा कळफलक आला. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती चक्राकार बाराखडी उमलते. शाळेत बाराखडी ज्या क्रमाने पाठ केली, त्या स्मृतीचाच येथे उपयोग करून घेतला आहे.

येथवर न जमणाऱ्या रचनेविषयी बोलणे झाले. आता मुद्दाम फसवणाऱ्या रचनेविषयी, कारण ज्याला माणसाचे बोट कोठे सहज जाते हे कळते, त्याला ते नको तेथे नेताही येते. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, टोपलीत न सांगता टाकलेली वस्तू, देणगीच्या चौकटीत आधीच केलेली खूण, सभासदत्व घेण्यास एक बटण आणि सोडण्यास सात पाने, ‘नको’ म्हणणाऱ्याला लाज वाटेल असे वाक्य. हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश अभ्यासकाने २०१० साली अशा रचनांना ‘डार्क पॅटर्न’ हे नाव दिले. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून अशा १३ प्रकारांची नोंद केली आणि त्यांना मनाई केली. दुकानात तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणे आणि पडद्यावर ‘नाही’चे बटण फिकट राखाडी रंगात बुडवणे यांत फरक कोणता, हे या क्षेत्रात शिरणाऱ्या प्रत्येक मुलाला नोकरीच्या पहिल्या वर्षातच ठरवावे लागते. वरिष्ठ सांगतात, आकडे वाढले पाहिजेत. काही वेळा आकडे खरोखरच वाढतातही. म्हणूनच तो प्रसंग कठीण असतो.

पडदा आणि चूक यांचा संबंध अगदी घरातल्या पैशाशी कसा येतो, याचे उदाहरण ताजे आहे. २०१६ साली यूपीआय सुरू झाली आणि तिची सोय निर्विवाद आहे. तिच्यात पैसे पाठवण्याबरोबरच एकाने दुसऱ्याकडे पैशाची मागणी धाडण्याचीही सोय होती. लबाडांनी तिचा फायदा घेतला. जुने फर्निचर विकत घेतो असे सांगून मागणी धाडायची आणि फोनवर म्हणायचे, पैसे मिळवण्यासाठी पिन टाका. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. पण समोर एक पडदा आहे, त्यावर रक्कम आहे, कानाशी गोड बोलणारा माणूस आहे. अनेकांनी पिन टाकला. वर्षानुवर्षे सूचना दिल्या गेल्या, सावध राहा, जागरूक राहा. ज्यांचे पैसे गेले त्यांना घरच्यांनीच विचारले, एवढे कसे कळले नाही? शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील मागणीची ती सोयच नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने बंद केली. लबाडांना दुसऱ्या वाटा आहेत, हे खरे. पण ही एक वाट बंद झाली, आणि ती उपदेशाने बंद झाली नाही.

पालकांसाठी थोडे व्यवहाराचे. मुलाला चित्रकला येत नाही म्हणून हे क्षेत्र त्याचे नाही, असे समजू नये; आणि सुंदर चित्रे काढते म्हणून मुलीला ते जमेलच, असेही नाही. बारावीनंतर यूसीड या परीक्षेतून आयआयटीच्या डिझाइन पदवीला प्रवेश मिळतो. पवईच्या आयडीसीत हा पदवी अभ्यासक्रम २०१५ पासून आहे. अहमदाबादच्या संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी असते. कॉमर्स घेतलेल्या, दुकानात बसलेल्या मुलांनाही दरवाजा बंद नाही, कारण नोकरी देणारे प्रमाणपत्राबरोबर केलेले काम पाहतात, आणि त्या कामात शेवटच्या देखण्या पडद्यापेक्षा तेथवर कसे पोहोचलात, काय चुकले, कोणाला विचारले, हे पाहतात. आता कृत्रिम बुद्धिमत्ता एका वाक्यावरून पडदे काढून देते. ते पडदे बरे असतात, कधी कधी फार बरे. त्यामुळे केवळ चौकटी रंगवणाऱ्याच्या पोटावर पाय येण्याची भीती खरी आहे. मात्र पेढीवरचा तो फोन, आईला जिना चढवत नाही म्हणणारा, त्या यंत्राने ऐकलेला नसतो. तो ज्याने ऐकला त्यालाच यंत्राकडून काय मागायचे ते कळते.

ज्या विद्यार्थ्यांना या विषयाची गोडी वाटली असेल त्यांनी वर्गाचे शुल्क भरण्यापूर्वी घरीच एक प्रयोग करावा. रविवारी सकाळी आजोबांच्या शेजारी बसावे आणि त्यांना विजेचे बिल भरण्यास सांगावे. फोन आपल्या हातात घ्यावयाचा नाही. बोट दाखवावयाचे नाही. पैशाचे बटण येण्यापूर्वी थांबायचे आहे, हे मात्र आधीच ठरवून घ्यावे. आजोबांचे बोट कोठे थांबले, काय वाचून ते मोठ्याने हसले किंवा चिडले, चष्मा कोणत्या ठिकाणी वर केला, मागे येण्यासाठी त्यांनी काय शोधले, एवढे लिहीत जावे. आणि लिहिण्यासाठी कागदाची वही घ्यावी. नोंदी मोबाईलमध्ये घेऊ लागले की आजोबांना वाटते, नातवाचे लक्ष दुसरीकडेच आहे.